हिरवणीची आठवण

पाचव्या वस्तीचा निरोप आला तेव्हा हेमांगी तांडेल तीन नंबरच्या टाकीच्या काठावर उकिडवी बसून हिरवणीचा वास घेत होती. मोजमापाची यंत्रं होतीच, पण तिचा भरवसा नाकावर जास्त. निरोगी हिरवणीला ओल्या गवताचा वास येतो. बिघडायला लागली की आधी वास जातो, मग रंग. आणि रंग बदलेपर्यंत थांबलं तर करण्यासारखं काही उरत नाही.

"हेमांगी, वर ये!" वस्तीचे कारभारी मोरेश्वर ठाकूर जिन्यावरून ओरडले. "पाचवीची हिरवण गेली."

ती हात पुसायचंही विसरून वर धावली.

कच्छच्या रणात तेव्हा अशा सात वस्त्या होत्या. समुद्र चढत गेला, कोकणपट्टीवरची गावं एकामागून एक पाण्यात गेली, आणि कुठेच जागा नव्हती तेव्हा सरकारने या माणसांना इथे आणलं. उन्हाळ्यात पन्नास अंशांच्या वर तापणारी, क्षितिजापर्यंत पांढरी मिठाची जमीन. माती नाही, गोडं पाणी नाही, झाडाचं पान नाही. हेमांगीच्या चौथ्या वस्तीत दोनशे बारा माणसं राहत. निम्मी सिंधुदुर्गातल्या निवेबंदरची, बाकीची रायगड-रत्नागिरीची. नऊ वर्षांत त्यांनी बाहेरून दाणा मागवला नव्हता, याचा सगळ्यांना अभिमान होता.

ते जमलं ते हिरवणीमुळे. हिरवण म्हणजे शेवाळाच्या जातीचा एक जिवाणू. खारं पाणी, ऊन आणि हवा, एवढ्यावर तो वाढे. वस्तीचं सांडपाणी त्याच्याच टाक्यांतून फिरून स्वच्छ होई. रोज पहाटे टाक्यांवरची साय काढून, वाळवून, दळून त्याचं पीठ होई आणि त्या पिठाच्या हिरवट भाकऱ्या घरोघरी भाजल्या जात. माणूस हिरवणीला पोसत होता आणि हिरवण माणसाला. मूळ जिवाणू माणसाला पचत नसे, म्हणून शास्त्रज्ञांनी आपल्या आतड्यातल्या एका निरुपद्रवी जिवाणूचं बाहेरचं आवरण त्याला चढवलं होतं. युक्ती नामी होती. तिच्यातली खोट पुढे कळली.

जिवाणूंनाही विषाणूंचे आजार होतात. असा एक विषाणू त्या आवरणाला चिकटायला शिकला. हिरवणीत शिरला की तो चार दिवसांत अख्खी टाकी काळी करी. माणसाला त्याने काहीच होत नसे. पण तेच आवरण असलेला जिवाणू माणसाच्या पोटातही होता, आणि त्याच्या जनुकांमध्ये हा विषाणू गुपचूप जाऊन बसे. त्या माणसाला ना ताप, ना खोकला. मात्र तो जन्मभरासाठी वाहक होई, आणि अजून तरी त्यावर औषध नव्हतं. दुसऱ्या वस्तीची हिरवण अशीच एका पाहुण्यामुळे मेली होती. तेव्हापासून सगळीकडे एकच नियम झाला: बाहेर गेलेल्या माणसाने परतताना चाळीस दिवस नाक्यावरच्या खोलीत राहायचं. बंद नळीतून धाडलेल्या शौचाच्या नमुन्यात विषाणू सापडला नाही तर आत. सापडला तर आत नाही, कधीच नाही.

ही तपासणी हेमांगी करी. वस्तीत ते काम येणारं दुसरं कोणी नव्हतं.

"एकशे चाळीस माणसं आहेत पाचवीत," मोरेश्वरभाऊ सांगत होते. खोलीत दहा-बारा जण जमले होते. "पीठ दोन दिवसांचं आहे. पाणीही नासलंय. वादळाने समुद्राचं पाणी रणात घुसलंय, रस्ता कुठे आहे ते दिसत नाही. हेलिकॉप्टरं किनाऱ्यावर अडकलीत. भुजवाले म्हणतात, आठवडा लागेल."

"कितक्या लांब आसा ता?" मागून आवाज आला. हेमांगीचे वडील, दामूतात्या. वय एकाहत्तर. चाळीस वर्षं त्यांनी निवेबंदरातून मच्छीमारीची होडी हाकली होती आणि गेली नऊ वर्षं ते मिठाच्या तळ्यांतला गाळ काढायची चपटी होडी हाकत होते.

"बावीस किलोमीटर, तात्या. पण एक खूण दिसत नाही. सगळं पाणीच पाणी."

"पाणी कितक्या?"

"गुडघाभर. कुठे कमरेइतकं."

"मगे झाला तर. माका पाण्यात खूण कित्याक होई? वारो आसा, सूर्य आसा. मी जातंय."

हेमांगीने त्यांना बाजूला ओढलं. "बाबा, परत येताना चाळीस दिवस भायर रवूक लागात."

"रवान."

"आणि तो विषाणू पोटात इलो तर?"

तात्या हसले. "तर काय? तू आसस मा तपासूक."

ते एकटेच गेले. दुसऱ्या कोणाला नेलं तर आणखी एका माणसाचा धोका, म्हणाले. होडीमागे त्यांनी टाक्यांची फायबरची झाकणं उलटी करून दोरखंडाने बांधली, त्यात पिठाची पोती आणि पाण्याचे कॅन रचले. सगळी वस्ती भोवतालच्या भिंतीवर उभी राहून ती विचित्र माळ पांढुरक्या पाण्यात लांब जाताना बघत होती. बायकांनी हात जोडले. कोणीतरी रडत होतं.

सहा दिवसांत त्यांनी तीन फेऱ्या केल्या. चौथ्या वस्तीजवळ येत, भिंतीपासून लांब थांबत, ठेवून दिलेला माल उचलत आणि परत फिरत. सातव्या दिवशी हेलिकॉप्टरं पोचली तेव्हा पाचव्या वस्तीतली एकशे चाळीसही माणसं जिवंत होती. त्यांना भुजला नेलं. तात्यांनाही चला म्हणाले. ते नको म्हणाले आणि आपली होडी घेऊन घरी आले. घरी म्हणजे नाक्यावर: भिंतीपासून सहाशे मीटरवरची ती पत्र्याची खोली.

चाळीस दिवस वस्तीत तात्यांच्याशिवाय दुसरा विषय नव्हता. ते आत आले की काय काय करायचं याचे बेत ठरत होते. मिठाच्या तळ्याला त्यांचं नाव द्यायचं असंही कोणीतरी सुचवलं.

एकेचाळिसाव्या दिवशी दुपारी हेमांगीने वायरलेस उचलला आणि तसाच हातात धरून बसली.

"हेमा?" पलीकडून खरखर आली. "बोल गो."

तिने बोलायचं बटण दाबलं आणि सोडून दिलं.

"गावलो काय तो?"

"बाबा, दुसरो नमुनो धाडा. मी परत एकदा बगतंय."

"आतापातूर कितके वेळा बगलंस?"

"चार."

"मगे पाचव्यांदा येगळा काय दिसतला?"

मग ती अगदी हळू म्हणाली, "मी अजून कोणाक सांगूक नाय, बाबा. नळी फक्त माझ्याकडे आसा."

"हेमा, आयक," तात्यांचा आवाज कडक झाला. लहानपणी होडीत चढताना पाय घसरला की याच आवाजात ते ओरडत. "पाचवीत मी काय बगलंय ता तुका सांगलंय नाय. लोका टाकीतला काळा पाणी फडक्यात गाळून पोरांका पाजीत होती. आवशी आपल्याच पोटच्या पोरांका पाजीत होती गो. तसा हय होता नये. तुझ्या हातसून तर नायच."

"मगे मी भायर येतंय तुमच्याकडे."

"आणि टाकी कोण बगतलो? मोरेश्वर? तो मिठाक साखर म्हणतलो." ते हसले. तिला हसू आलं नाही. "जा. सांगून ये सगळ्यांका. मी हय बसलंय."

त्या संध्याकाळी सभा झाली. हेमांगीने निकाल सांगितला. मग मोरेश्वरभाऊंनी नियम वाचून दाखवला. नियम मोडावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा, असं त्यांनी सांगितलं. एकही हात वर झाला नाही. नियम पाळावा असं वाटणाऱ्यांचे हात एकेक करून वर गेले, माना खाली घालून. हेमांगीनेही हात वर केला.

भुजच्या वसाहत खात्याने तात्यांना वृद्धाश्रमात खोली देऊ केली. "थंय माका कोण वळाखता?" म्हणून त्यांनी ती नाकारली आणि नाक्यावरच राहिले. रोज सकाळी वस्तीतलं कोणीतरी वाटेवरच्या दगडावर पीठ आणि पाणी ठेवून येई. तो माणूस परत फिरला की तात्या येऊन उचलत. त्यांच्या जवळ जायची कोणाला परवानगी नव्हती, कारण कपड्यांवरच्या धुळीतूनही विषाणू आत येऊ शकला असता.

रोज संध्याकाळी सात वाजता वायरलेसवर बाप-लेकीचं बोलणं होई. तात्या वाऱ्याची दिशा सांगत. तिच्या पिठाला नावं ठेवत. "आज कडू लागता गो. तिसऱ्या टाकीचा आसा काय?" आणि बहुतेक वेळा ते पीठ तिसऱ्या टाकीचंच असे. निवेबंदरच्या घराच्या खोल्या एकेक करून आठवत दोघं कितीतरी वेळ बोलत. न्हाणीघराची कडी कुठल्या बाजूला होती यावरून एकदा त्यांचं चांगलं भांडण झालं.

पहिल्या गणपतीला सगळी वस्ती भिंतीवर चढली. भोंगे बाहेरच्या बाजूला वळवले आणि आरत्या अशा म्हटल्या की नाक्यापर्यंत ऐकू जाव्यात. तात्या खोलीबाहेर हात जोडून उभे होते. दुर्बिणीतून हेमांगीला दिसलं, ते टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या गणपतीला भिंतीवर तीस-चाळीस माणसं होती. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. माणसांना आपापली कामं असतात. दगडावर पीठ ठेवायला जायचीही पाळी लावावी लागली होती, आणि कधी कधी पाळी चुके.

त्यानंतरचा वैशाख फार कडक गेला. पारा बावन्नावर. एका संध्याकाळी सात वाजता पलीकडून उत्तर आलं नाही. हेमांगीने साडेसातला हाक मारली, आठला मारली. भिंतीच्या बुरुजावर जाऊन दुर्बीण लावली. खोलीचं दार उघडं होतं आणि वाऱ्याने हलत होतं.

ती खाली आली ती थेट मोठ्या दाराकडे गेली. मोरेश्वरभाऊ तिच्या मागे आले.

"तुला अडवणार नाही मी," ते म्हणाले. "बाप आहे तुझा. पण जाशील तर चाळीस दिवस बाहेर. आणि मग..." पुढचं हेमांगीला त्यांच्याहून जास्त माहीत होतं. उन्हाने टाक्या तापल्या होत्या. दिवसातून चार वेळा पाणी बदलून, क्षार तोलून ती कशीबशी हिरवण जगवत होती. चाळीस दिवस तर सोडाच, चार दिवसही ती टाक्यांना एकटं सोडू शकत नव्हती. आणि तिच्या पोटातही विषाणू सापडला असता तर?

दाराच्या लोखंडावर हात ठेवून ती उभी राहिली. लोखंड अजून पोळत होतं.

ती गेली नाही.

तिसऱ्या दिवशी भुजहून पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं आली. त्यांनी खोलीमागेच चिता रचली. हेमांगी भिंतीवर उभी राहून धूर बघत होती. वारा उलटा होता. धूर वस्तीकडे आलाच नाही.

दोन वर्षं गेली. हेमांगी पूर्वीपेक्षा कमी बोलू लागली, एवढाच काय तो फरक. मग एका हिवाळ्यात तिसऱ्या टाकीचं उत्पन्न उतरायला लागलं आणि कारण शोधायला तिने त्या टाकीतल्या हिरवणीची जनुकं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला घेतली.

जिवाणूंना आठवण असते. विषाणूने हल्ला केला आणि त्यातून एखादी पेशी वाचली, तर ती त्या विषाणूच्या जनुकाचा एक तुकडा कापून स्वतःच्या जनुकांत जपून ठेवते, पोलीस चौकीत गुन्हेगाराचा फोटो लावतात तसा. तो विषाणू पुन्हा आला की पेशी त्याला ओळखते आणि शिरताक्षणी कापून काढते. तिच्या लेकरांना ही ओळख जन्मतःच मिळते. हे तुकडे एका ओळीत असतात. नवा तुकडा पुढे लागतो, जुने मागे सरकत जातात.

हिरवणीच्या ओळीत एकोणीस तुकडे होते. अकरावा तुकडा पडद्यावर आला आणि हेमांगीचा हात थांबला. ती अक्षरं तिला पाठ होती. वडिलांच्या नमुन्यात तिने ती चार वेळा वाचली होती.

आधी तिला वाटलं, हा विषाणू नंतर कधीतरी आला असेल. पण त्याच्यापुढे दहा नवे तुकडे होते. थंड पेटीत दरवर्षीच्या हिरवणीचे नमुने गोठवलेले असत. ती एकेक वर्ष मागे जात राहिली. तात्या गेले ते वर्ष. वादळाचं वर्ष. त्याच्या आधीचं. त्याच्याही आधीचं. सगळ्यांत तो तुकडा होता. वस्तीच्या तिसऱ्या वर्षी तो पहिल्यांदा दिसला. कुठल्यातरी धुळीबरोबर, पक्ष्याच्या पायाबरोबर तो विषाणू तेव्हाच आत आला होता. चार पेशी मेल्या असतील, चार वाचल्या असतील. कोणाला कळलंही नव्हतं. पाचव्या वस्तीच्या हिरवणीला तो कधीच भेटला नव्हता, म्हणून ती मेली. चौथीच्या हिरवणीला तो ओळखीचा होता.

थंड पेटीच्या खालच्या कप्प्यात एक नळी होती. 'दा. तांडेल, दिवस ४०' असं तिच्याच अक्षरात लिहिलेलं. तिने काचेच्या बंद बरणीत हिरवण घेतली आणि त्या नळीतला थेंब तिच्यात सोडला. चार दिवसांत बरणी काळी व्हायला हवी होती. तिने नऊ दिवस वाट पाहिली. बरणी हिरवीगार राहिली.

माणूस तपासायचा, असा नियम होता. हिरवण तपासावी असं कोणालाच सुचलं नव्हतं. तिलाही नाही. दोन दिवसांचं काम होतं.

"कोणाला सांगितलंस?" मोरेश्वरभाऊंनी विचारलं. एवढ्यात ते फार म्हातारे दिसायला लागले होते.

"पहिलं तुम्हालाच."

ते खुर्चीवर बसले. "मग नको सांगूस, बाळ. आम्ही हात वर केलेत त्या दिवशी. दोनशे माणसांनी. ते आता कसं..."

"मीही केला होता, भाऊ."

"म्हणूनच म्हणतो. तुला तरी झेपेल का?"

"शिर्सेकरांची सून भुजला बाळंत झालीय. तिच्या पोटात विषाणू सापडला म्हणून सहा महिने ती बाळाला घेऊन तिथे आणि नवरा इथे. तिला काय सांगू? मला झेपत नाही म्हणून तू बाहेरच राहा?"

मोरेश्वरभाऊ उठले. त्यांनी सभेची घंटा स्वतः वाजवली.

हेमांगीने सगळं नीट समजावून सांगितलं. तुकडे, ओळ, गोठवलेले नमुने, बरणी. दार उघडता येईल, असं म्हणाली. शिर्सेकरांचा मुलगा एकदम उभा राहिला आणि परत बसला. पुढच्या रांगेत बसलेल्या शेवंताकाकूंना कमी ऐकू येई. त्यांनी कानामागे हात धरून विचारलं, "म्हणजे तांडेल आत येऊ शकले असते?"

"हो, काकू."

"चाळीस दिवस झाल्यावर?"

"पहिल्याच दिवशी."

शेवंताकाकूंनी पदर तोंडाला लावला. मग मागच्या बाजूला तरुणांची कुजबुज सुरू झाली. दार उघडणार, माणसं येणार-जाणार, हे त्यांच्या ध्यानात येत होतं, आणि कितीही दाबला तरी त्यांच्या आवाजातला आनंद लपत नव्हता. हेमांगीला त्यांचा राग आला नाही. तेरा वर्षं ती पोरं भिंतीच्या आत वाढली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठं दार दोन्ही बाजूंनी उघडलं. शिर्सेकरांचा मुलगा गाडी घेऊन भुजच्या रस्त्याला लागला. बाकीचे उंबऱ्याशी घोटाळत राहिले. हेमांगी त्यांच्यामधून वाट काढत बाहेर पडली. कोणीतरी "मी येऊ का बरोबर?" असं विचारलं, तिने मान हलवून नको म्हटलं.

मिठाचा पापुद्रा पायाखाली कुरकुरत होता. पीठ ठेवायचा दगड मागे पडला. तिथून पुढे ती कधीच गेली नव्हती. ती घाई न करता चालली. नाक्याच्या खोलीशी पोचल्यावर तिने सवयीने घड्याळ पाहिलं.

सात मिनिटं लागली होती.